आमचा डाव कोण फोडत होतं

माझे वडील डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर होते. पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या माणसांचे डबे, पिशव्या, खिसे तपासायचे, हे त्यांचं काम. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेच केलं आणि घरी आल्यावरही ते पुरतं थांबायचं नाही. दुधाची पिशवी ते उजेडाकडे धरून बघत. मला मैत्रिणीचा फोन आला की विचारत, "कोण होती? काय म्हणाली? मग हसलीस कशाला?" मला या सगळ्याचा वैताग यायचा. तोच स्वभाव माझ्यात उतरलाय हे मला फार उशिरा कळलं.

कल्याणच्या कॉलेजात मी कबड्डी खेळायचे, चढाईला जायचे. शेवटच्या वर्षी एक माणूस आमचा सराव बघायला येऊ लागला. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, हातात वही. तिसऱ्या दिवशी तो जवळ येऊन म्हणाला, "अमेरिकन फुटबॉल खेळशील का? कळव्यात मुलींचा संघ उभा करतोय. तुझ्यासारखी पळणारी हवीये."

घरी सांगितलं तेव्हा वडिलांचा घास हातातच राहिला.

"अमेरिकन?"

"खेळ अमेरिकन आहे. सर इथलेच आहेत, कळव्याचे."

"मग कल्याणच्या पोरींची नावं वहीत कशाला लिहितो?"

पहिल्या रविवारी ते माझ्याबरोबर आले, तेही कारखान्याच्या गणवेशात. मैदान खाडीच्या बाजूला होतं. त्यांनी सरांकडे ओळखपत्र मागितलं, त्यांच्या मोटरसायकलचा नंबर डायरीत लिहून घेतला आणि दुपारपर्यंत कठड्यावर बसून राहिले. असे चार रविवार. पाचव्या रविवारी घरीच थांबले, पण मी निघताना म्हणाले, "माणूस बरा वाटतो. तरी पाणी घरचंच ने."

तो बॉल दोन्ही टोकांना निमुळता असतो. बसमध्ये तो मांडीवर घेऊन बसले की कंडक्टर हमखास विचारायचा, "ताई, यावर कोण बसलेलं?" आम्ही सतरा जणी होतो आणि हेल्मेटं अकरा. आधीच्या मुलीच्या घामाने ओलं झालेलं हेल्मेट डोक्यात घालायचं, हे सगळ्यात अवघड शिक्षण. माझी जागा रनिंग बॅकची. क्वार्टरबॅक, म्हणजे जिच्या हातात बॉल पहिला येतो ती मुलगी, एक तर तो लांब फेकते किंवा मागून पळत येणाऱ्या रनिंग बॅकच्या पोटाशी ठेवते. मी दोन्ही हातांची पेटी करून तो कवटाळायचा आणि समोरच्या दांडग्या मुलींनी रेटून जी फट पाडलेली असेल तिच्यातून घुसायचं. कबड्डीत समोर सात जणी आणि मी एकटी असायचे. इथे माझ्यासाठी वाट करणाऱ्या मुली होत्या, त्यातली एक टिटवाळ्याची गोळाफेकवाली. तिच्या पाठीमागून पहिल्यांदा मोकळ्या मैदानात निघाले तेव्हा मी चक्क ओरडले. शेवटच्या रेषेच्या पुढेही पळत गेले. सर शिट्टी वाजवत राहिले.

आमची क्वार्टरबॅक कळव्याची. कॉलेजात ती भाला फेकायची. अबोल मुलगी, पण माझे केस हेल्मेटमध्ये नीट बसावेत म्हणून दर रविवारी माझी वेणी तीच घालायची. पोटाशी बॉल ठेवताना तिचा हात कधी चुकला नाही. पहिल्या वर्षी आम्ही दोघींनी मिळून बरंच काही केलं. ठाण्याच्या एका छोट्या पेपरात माझा फोटो आला. वडिलांनी तो कापून ठेवला आणि खालची माहिती दोनदा वाचून म्हणाले, "वजन चुकीचं छापलंय."

दुसऱ्या वर्षी पुण्याच्या संघाशी गाठ पडली आणि सगळं बिघडलं. माझा नंबर बावीस. बॉल माझ्याकडे येणार असेल तेव्हा, खेळ सुरू व्हायच्या आधीच, त्यांची कॅप्टन ओरडायची, "बावीस! बावीस!" आणि त्यांच्या चार-पाच जणी माझ्या वाटेवर येऊन उभ्या राहायच्या. बॉल माझ्याकडे येणार नसेल तेव्हा ती गप्प. एकदाही चुकली नाही. आमचा डाव आम्ही गोल करून कुजबुजत ठरवायचो. बाहेर कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. मग तिला कळायचं कसं?

कुणीतरी सांगतंय, हे मी पक्कं केलं. मग प्रत्येकीकडे त्या नजरेने बघू लागले. कोण फोनवर बोलताना बाजूला जाते, कोण खूण केल्यासारखा कान खाजवते. सरांवरही संशय घेऊन झाला.

नवरात्रात मी आईबरोबर ठाण्याच्या टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला गेलेले. रांगेतून बाहेर पडले तर समोर आमची क्वार्टरबॅक आणि तिच्याशेजारी पुण्याची कॅप्टन. दोघी एकाच कागदातले चणे खात हसत होत्या. तीन-चार दिवसांपूर्वीच क्वार्टरबॅक मला म्हणालेली, "मी गावाला जातेय, या रविवारी येणार नाही." मी खेळण्यांच्या गाडीआड उभी राहिले. आई विचारत राहिली, "अगं, ओळखीची आहे ना, बोल की!" मी तिचा हात धरून दुसऱ्या बाजूने निघाले.

पुढच्या रविवारी ती नळावर पाणी प्यायला गेली आणि मी तिची बॅग उघडली. आत पुण्याच्या बसचं तिकीट होतं आणि एक वही. वहीत आमचे सगळे डाव, बाण काढून, नीट अक्षरात. मी दोन्ही वस्तू घेऊन सरळ सरांसमोर गेले. सगळ्या जमल्या.

सर वही चाळून म्हणाले, "ही मीच करायला सांगितली होती. पाठ व्हावेत म्हणून."

"आणि तिकीट?" मी तिच्याकडे वळले. "पुण्याला कशाला गेलेलीस? गावाला जाते म्हणालेलीस ना?"

"माझी बॅग उघडलीस?"

"आधी पुण्याचं सांग."

"आधी बॅगेचं सांग. उघडलीस का?"

"हो. उघडली."

तिने हातातलं हेल्मेट गवतावर ठेवलं, बॅग उचलली आणि गेली. टिटवाळ्याची गोळाफेकवाली तिच्या मागे थोडी धावली, मग परत आली. त्या दिवशी माझ्याशी कुणी धड बोललं नाही. मला मात्र चोर पकडल्यासारखं वाटत होतं.

पंधरा दिवसांनी पुण्याशी पुन्हा सामना होता. आमच्याकडे नवी क्वार्टरबॅक. तिला सरांनी डाव आयत्या वेळी, मैदानावरच सांगितले. पहिल्यांदा बॉल माझ्याकडे यायचा होता आणि पुण्याची कॅप्टन ओरडली, "बावीस!" जुनी क्वार्टरबॅक मैदानात नव्हती, तरी हिला कळलं होतं. बॉल हातात आला. चौघी अंगावर आल्या. खाली पडल्यावर हेल्मेटच्या जाळीतून मला फक्त माती दिसत होती आणि मी स्वतःला म्हणत होते, ती नव्हती. ती नव्हतीच.

सरांनी पायऱ्यांवर उभं राहून मोबाइलवर सामना घेतलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो घरी बघत बसले होते. वडील शेजारी येऊन बसले. खेळ त्यांना कळत नव्हता, पण ते बघू लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "मागे घे." मग पुन्हा, "अजून मागे घे." असं सात-आठदा झालं.

"तू जमिनीला हात का लावतेस?"

"कुठे?"

"हे बघ. जागेवर जाताना वाकलीस, हात लावलास, मग डोक्याला. आता पुढचं लाव. यात बॉल तुझ्याकडे आला नाही ना? यात हात नाही लावलास." ते मोबाइल जवळ घेऊन म्हणाले, "प्रत्येक वेळी हेच. बॉल मिळणार असेल तरच नमस्कार करतेस."

कबड्डीत चढाईला जाताना मी मधल्या रेषेला हात लावून कपाळाला लावायचे. ती सवय माझ्याबरोबर इथे आलेली आणि मला पत्ताच नव्हता. पहिल्या वर्षाचा व्हिडिओ काढला. त्यातही तेच. डाव मीच फोडत होते, आणि तोसुद्धा भर मैदानात सगळ्यांसमोर.

वडिलांना मी बॅगेची गोष्ट सांगितली नव्हती. तेव्हा सांगितली. मला वाटलं, ते माझी बाजू घेतील. त्यांनी मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाले, "गेटवर आम्ही माणसासमोर पिशवी उघडायला सांगायचो. त्याच्या पाठीमागे कधीच नाही."

मी कळव्याला गेले. दार तिच्या आईने उघडलं, पाणी दिलं आणि ती आत निघून गेली. क्वार्टरबॅक गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं, हात लावण्याचंही. तिने हातातला टॉवेल दोनदा झटकला.

"कॅप्टनच्या भावाचं स्थळ आलेलं मला," ती म्हणाली. "बघायला पुण्याला गेलेले. मग ती इकडे आली, तिला देवी दाखवली. नक्की नव्हतं म्हणून कुणाला सांगितलं नाही."

"मला तरी सांगायचंस."

"तुला? तो काय करतो, खरंच करतो का, कंपनीत जाऊन कुणी बघितलं का, एवढं सगळं विचारलं असतंस तू."

मी विचारलंच असतं. मी माफी मागितली. ती म्हणाली, "बघू." दोन रविवारांनी ती परत आली, सरांनी बोलावलं म्हणून. माझी वेणी त्यानंतर मीच घालू लागले.

पुढच्या वर्षी पुण्याविरुद्ध तिनेच एक डाव सुचवला. "तू नमस्कार कर," ती मला म्हणाली, "बॉल मी माझ्याकडेच ठेवते." मी वाकले, हात लावला. "बावीस!" झालं आणि अर्धा संघ माझ्यावर धावला. ती दुसऱ्या बाजूने एकटीच चालल्यासारखी रेषेपार गेली. त्या दिवशी आम्ही पुण्याला पहिल्यांदा हरवलं. तिने मला मिठी मारली, पण सगळ्यांना मारली तशीच.

माझी कारकीर्द पुढे दीड वर्ष चालली. एका साध्या सरावात, कुणी धक्काही न देता, वळताना उजवा गुडघा फिरला. आतला लिगामेंट तुटला. ऑपरेशनच्या सकाळी वडील डॉक्टरांना विचारत होते, "स्क्रू नवा आहे ना? पाकीट आमच्यासमोर फोडा." डॉक्टर हसले आणि पाकीट खरंच दाखवलं. नंतर मी चालू लागले, धावूही लागले, पण फट दिसली की आता पाय आधी विचार करतो. रनिंग बॅकला ते चालत नाही. मी डोंबिवलीत एका शाळेत खेळाची शिक्षिका झाले.

क्वार्टरबॅकचं लग्न अखेर पुण्यात झालं तेव्हा गुडघ्याला पट्टा बांधूनच गेले. जेवणाच्या रांगेत पुण्याची कॅप्टन भेटली. आता ती नवरीची नणंद. ती माझा हात धरून म्हणाली, "राग नाही ना? तुझा तो नमस्कार मी पहिल्याच सामन्यात पकडलेला. घरी आम्ही हसायचो त्यावर. दादा तर तुझी नक्कल करून दाखवायचा."

मी जिलेबी घेतली आणि स्टेजकडे बघितलं. दादा तिथे उभा होता, आणि त्याच्या शेजारी ती. मी मनात महिने मोजू लागले. स्थळ कधी आलं, ती पुण्याला कधी गेली, तिच्यासमोर त्याने ती नक्कल कधी केली असेल. ती मैदान सोडून गेली त्याआधी की नंतर?

आता ती पुण्याच्या संघात खेळते. दोन-तीन महिन्यांतून एकदा फोन करते, गुडघ्याची चौकशी करते, सासरचं सांगते. बोलणं मोकळं असतं. नमस्काराचं तुला आधीच माहीत होतं का, हे विचारायचं अजून राहिलंय. फोन ठेवला की दर वेळी वाटतं, विचारायला हवं होतं. मग तिचा पुढचा फोन येतो आणि मी तिला विचारते, काय जेवलीस.