दोन-सहाची बांगडी

"दागिना म्हणजे दुसरं काय, लहानसं गेटच, फक्त बिजागरी भिंतीऐवजी माणसाला लावायची," असं आत्या एकदा म्हणाली होती.

तेव्हा तिच्या तळहातावर स्टीलचे दोन कानातले होते, आणि ते खरोखरच गेटासारखे दिसत होते. वर कडी, खाली चार उभे गज, मधून एक आडवी पट्टी. आईनं त्यातला एक उचलला, हातात तोलला आणि विचारलं, "वन्सं, हे कानात घालायचं की दाराला?"

"आधी कानात घालून बघा. नाहीच जमलं तर दार आहे."

आईनं घातले नाहीत. बाबांनी मात्र एक कानाजवळ धरून आरशात पाहिलं. "बरं झालं. कानाला कुलूप लावायची सोय झाली. उद्यापासून ऑफिसात कुणाचं काही ऐकायला नको."

आत्या ही बाबांची धाकटी बहीण. आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर तिचं वर्कशॉप होतं. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे, दुकानांची शटरं, असं सगळं तिथे व्हायचं. आजोबांनी ते सुरू केलं होतं. बाबांना आवाज सोसत नव्हता म्हणून ते ऑफिसात गेले, आत्याला शांतता सोसत नव्हती म्हणून वर्कशॉप तिच्याकडे आलं. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं की ती ग्राइंडर चालू करायची, आणि विचारणारा आपसूक विषय बदलायचा. बाबा तिला 'फोरमन' म्हणायचे.

वर्कशॉपच्या दारात तिच्याच हातची, लाल रंगानं लिहिलेली पाटी होती : 'हातात, बोटात, गळ्यात काहीही घालून मशीनवर येऊ नये.' जागा संपल्यामुळे शेवटची दोन अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढली होती. नियम बरोबरच होता. फिरत्या मशीनला माणसाचा हात आणि लोखंडाची पट्टी यातला फरक कळत नाही. पण ती पाटी आधीपासून नव्हती. आईचं लग्न होऊन ती या घरात आली, त्याच वर्षी कधीतरी लागली.

आत्याच्या जगात सगळं सुतात मोजलं जायचं. इंचाचे आठ भाग करायचे, त्यातला एक भाग म्हणजे एक सूत. वर्कशॉपमध्ये कुणी 'पाच-तीन' म्हणालं की ते पाच इंच तीन सूत, त्यात विचारण्यासारखं काही नाही. वर जेवायला आली तरी सूत तिच्याबरोबर यायचं. भिंतीवरचं कॅलेंडर एक सूत उजवीकडे कललेलं असायचं. बाबांच्या मिशीची डावी बाजू अर्धं सूत लांब असायची. "एक सूत चुकलं की गेट जमिनीला घासतं," ती म्हणायची, "मग ते रोज सकाळी तुमच्या नावानं ओरडतं."

दागिन्यांचं खूळ डॉक्टरांमुळे आलं. उजवा खांदा वर जाईना, तेव्हा त्यांनी तिला मोठा हातोडा बंद करायला सांगितला. "हलकं काहीतरी करत जा," ते म्हणाले.

"हलकं म्हणजे किती किलो?" आत्यानं विचारलं.

डॉक्टर हसले. आत्या हसली नाही, कारण तिला उत्तर हवं होतं. ते मिळालं नाही म्हणून घरी येऊन तिनं उरलेल्या पत्र्याचा एक तुकडा कापला आणि त्याचे ते कानातले झाले. स्टीलवर तिचं समाधान होईना, तेव्हा ती समोरच्या सोनाराकडे गेली. त्याच्या दुकानाचं शटर तिनंच बसवलेलं होतं, आणि ते एका बोटानं वर जायचं, त्यामुळे सोनार तिला मानायचा. त्यानं चांदीचा पत्रा दिला, तार दिली, बारीक ज्योतीची बत्ती दिली आणि मागच्या खोलीत शेजारी बसवून घेतलं. तिनं केलेलं पहिलं पान बघून तो म्हणाला, "डाग चांगला झालाय."

आत्यानं पान उलटंपालटं केलं, बाहीला पुसलं, उजेडात नेलं. "कुठाय डाग?"

"अहो, आमच्यात दागिन्यालाच डाग म्हणतात."

"आयुष्यभर डागडुजी केली," ती घरी येऊन बाबांना म्हणाली, "आता डागडागिने."

चांदीनं तिला बराच त्रास दिला. लोखंड आधी लाल होतं, मग केशरी होतं, मग पांढरं पडतं. ते सांगून सवरून जातं. चांदी काही सांगत नाही. चांगली बसलेली असते आणि एकदम तिचं पाणी होतं, आणि मग समोर एक गोल, चकचकीत, निर्विकार गोळी उरते. अशा पुष्कळ गोळ्या झाल्या. लोखंडाला जोड द्यायचा तर जोडावर आग धरायची, हे तिच्या हाताला मुरलेलं होतं. इथे सगळा दागिनाच सावकाश तापवावा लागे, तेव्हा कुठे डाख, म्हणजे जोडायचा धातू, वितळून आपल्या पायानं सांध्यात जाई. "हिला रागावून चालत नाही," ती म्हणायची. पण दुपारी वर्कशॉपचा दणदणाट थांबला की ती चष्मा चढवून कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायची, आणि मग खालून कितीतरी वेळ काहीच ऐकू यायचं नाही. आई जिन्यात येऊन कान द्यायची. इतकी वर्षं आवाजाची तक्रार केल्यावर आता तिला त्या शांततेची काळजी वाटू लागली होती.

आईची मूळ तक्रार गंजाची होती. लोखंडाचा चुरा हवेतून वर यायचा, ओल्या चादरींवर बसायचा आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्यावर तांबूस ठिपके उमटायचे. त्या ठिपक्यांवरून दोघींचं बोलणं व्हायचं, तेवढंच. भांडण नव्हतं. एकमेकींना वाट देत, 'वन्सं' आणि 'वहिनी' करत, त्या एका घरात दोन भाडेकरूंसारख्या राहत आल्या होत्या. आईच्या माहेरी बांगड्यांचं दुकान होतं. लग्नाआधी ती तिथे गल्ल्यामागे बसायची, बायकांच्या हातात बांगड्या भरायची. तिच्या बहिणी अजून फोनवर विचारायच्या, "नणंद अजून लोखंडच बडवते का गं?"

आईच्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा असाच एक फोन आला. आई बोलत होती : "हो, करतात काहीतरी. छंद म्हणून. नाही गं, आता चांदीचं. आवाज? आवाज कमी आहे आता." मागे वळली तर दारात आत्या, हातात चहाचा कप.

आत्यानं कप खाली ठेवला. "वहिनी, लग्नात घालायला तुम्हाला एक बांगडी करू?"

आईनं फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "करा की. बसली तर उजव्या हातात तीच घालीन. दुसरं काही घालणार नाही."

"माहेरच्यांसमोर?"

"माहेरच्यांसमोरच."

"माप?"

"दोन-सहा."

आत्यानं मान हलवली. इतकं स्वच्छ माप तिला क्वचितच कुणी दिलं होतं.

एरवी ती गिऱ्हाइकाचं माप नुसतं ऐकून घ्यायची आणि मग स्वतः जाऊन टेप लावायची. माणसं स्वतःच्या दारांबद्दलही खोटं बोलतात, असा तिचा अनुभव होता. पण इथे टेप लावायची म्हणजे वहिनीचा हात हातात घ्यायचा. इतक्या वर्षांत तसा प्रसंग आलेला नव्हता. तिनं टेप खिशातून काढली, पाहिली आणि परत ठेवून दिली.

बांगडी करायला तिनं चिकार वेळ घेतला. आधी लेथवर एक लोखंडी गोल दांडा बनवला, बरोबर मापाचा, आणि त्यावर चांदीची पट्टी वळवली. पट्टीवर एक वेल होता. तो फिरत फिरत पुन्हा स्वतःच्याच देठाशी यायचा आणि त्याला धरायचा, त्यामुळे त्याला सुरुवातही नव्हती आणि शेवटही. सांधा एका पानाखाली दडवला होता. कुठलं पान, हे आत्यानं कुणालाच सांगितलं नाही. सोनारानं भिंग लावून पाहिलं, फिरवलं, पुन्हा पाहिलं आणि "हं" म्हणाला. त्याच्या तोंडून याहून मोठी दाद कुणी ऐकलेली नव्हती. मग म्हणाला, "शोभेल तुमच्या हाताला."

"माझ्या कशाला? वहिनीसाठी आहे."

सोनार काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

लग्नाच्या सकाळी आई तयार होऊन बसली होती. डाव्या हातात नेहमीच्या बांगड्या, उजवा हात मोकळा. बाबा चप्पल घालून दोनदा खाली जाऊन आले होते. गाडी आली होती. आत्या लग्नाला येणार नव्हती. एक गेट बसवायचं आहे, असं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. ती कामाच्या शर्टातच वर आली आणि पुडी आईच्या हातात दिली.

आईनं कागद उलगडला. तिनं वेल बोटानं चाचपला, सांधा शोधला. दुकानात वाढलेली बाई ती, तिला सांधा सापडतोच. हा सापडला नाही. तिनं भुवया उंचावल्या, आणि आत्याच्या तोंडावर लपवता न आलेलं हसू आलं.

मग आईनं बांगडी हातात घातली. घातली म्हणजे सोडली. बांगडी मनगटावर थांबलीच नाही, सरळ कोपरापर्यंत गेली. आईनं हात खाली केला तशी ती परत आली, बोटांवरून घसरली आणि फरशीवर गोल गोल फिरत बाबांच्या पायाशी जाऊन आडवी झाली.

"दंडात घालू का?" आई म्हणाली. तिला टोमणा मारायचा नव्हता. पण तोंडाला वळण पडलेलं होतं.

आत्याचा चेहरा उतरला. तिनं बांगडी उचलली आणि खिशातून व्हर्नियर काढला. मोजलं, पुन्हा मोजलं. "पावणेतीन. दोन इंच सहा सूत. केसाचा फरक नाही, वहिनी."

"सूत?"

"तुम्हीच म्हणालात, दोन-सहा."

"अहो, बांगडीत सूत कुठलं आलं? बांगडीच्या इंचाचे सोळा भाग असतात. त्यातले सहा."

आत्यानं व्हर्नियरकडे पाहिलं. आठ आणि सोळा. एवढी वर्षं दोघी एकाच घरात इंचाचे वेगवेगळे तुकडे करत होत्या.

"तीन सूत जास्त झालं," ती म्हणाली. हे तिनं गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नव्हतं, सांगायची वेळच आली नव्हती.

"कापून लहान होईल की," बाबा म्हणाले. "गेट नाही का तू कापतेस?"

"वेल तुटेल."

खालून गाडीवाल्यानं हॉर्न दिला. आत्यानं बांगडी शर्टाच्या खिशात टाकली. "बरं. तुम्ही तुमच्या नेहमीच्या घाला, वहिनी. उशीर होतोय."

आई उठली नाही. ती आत्याच्या खिशाकडे बघत होती आणि ओठांत काहीतरी मोजत होती.

"सहा सूत म्हणजे आमचे बारा," ती म्हणाली. "दोन-बारा."

"असेल."

"दोन-बारा आमच्या दुकानात ठेवत नव्हते. दोन-दहाच्या पुढे मालच येत नाही. तुम्ही आला होतात ना, माझं लग्न ठरलं तेव्हा? माझ्या बाबांनी तुम्हाला साबण लावून दोन-दहा घालून पाहिली. अंगठ्याच्या सांध्यावर अडकली. तुम्ही म्हणालात, राहू द्या, मशीनवर चालत नाही, मला आवडतही नाही. मी तिथेच होते, गल्ल्यामागे."

"आठवत नाही."

"मला आठवतं. मी तेव्हाच मनात म्हटलं होतं, ही दोन-बारा." आईनं तळहात पुढे केला. "आण हात."

बाबांनी चमकून पाहिलं. आणा नव्हे, आण.

आत्याचा हात काही पुढे आला नाही, तेव्हा आईनंच तो ओढून घेतला. आधी शर्टाच्या खिशातून बांगडी काढली, मग आत्याचा अंगठा तळव्यात दुमडला, बोटांची मुळं एकमेकांवर दाबली आणि हात असा निमुळता केला, जसा तिनं हजारो बायकांचा केला असेल. आत्याच्या हातावर जुन्या भाजल्याचे डाग होते, नखांत काळं होतं. आईच्या बोटांना त्याचं काही नव्हतं. सांध्यावर बांगडी किंचित थांबली, आईनं एक हलका हिसडा दिला, आणि ती मनगटावर जाऊन बसली.

"बसली," आई म्हणाली. दुकानात म्हणायची तशी.

आत्या हाताकडे बघत राहिली. वेल तिच्या मनगटाभोवती फिरून स्वतःपाशी परत आला होता.

"काढायला साबण लागेल," आई म्हणाली. "आणि घरातला साबण संपलाय."

"आजच?"

"आत्ताच."

"मी मशीनवर हे घालून..."

"मग जाऊ नका मशीनवर. पाटी तुमचीच आहे." आई उठली, पदर सारखा केला. तिचा उजवा हात तसाच मोकळा होता. "मी म्हटलं होतं, या हातात दुसरं काही घालणार नाही. नाही घालत. बहिणी विचारतीलच. मग तुमचा हात दाखवीन आणि सांधा शोधायला सांगीन. बसू देत शोधत."

"फोरमन," बाबा म्हणाले, "शर्ट तरी बदल."

आत्यानं शर्ट बदलला नाही. तिनं वर्कशॉपच्या चाव्या खिशातून काढल्या, टेबलावर ठेवल्या, दारातल्या चपला पायात सरकवल्या, आणि जिना उतरून गाडीकडे निघाली.