घाटाच्या घोडीची पाठ

वडिलांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा मी चिंचवडला दोन खोल्यांच्या संसारात होते. नवरा पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर. वडिलांना बघणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून आम्ही दोघं मोशीला येऊन राहिलो. नवरा तिथून सायकलीने शिफ्टला जायचा. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं.

वडील शेतकरीच, पण आसपासच्या गावांत त्यांना ओळखत ते घोड्यांच्या पाठीसाठी. टांग्याचं घोडं एका अंगावर चालायला लागलं, खोगीर दिसताच चावायला धावू लागलं, की मालक त्याला आमच्याकडे आणायचा. वडील कण्याच्या दोन्ही बाजूंनी मानेपासून शेपटीपर्यंत बोटं चालवत, आखडलेली जागा शोधत आणि तिथे तळहात टेकवून एकच नेमका झटका देत. लग्नाआधी मीही त्यांच्या बरोबरीने हे काम करायचे, पण मालक निघून गेल्यावर, गोठ्याच्या आत. बाईमाणसाने घोड्याला हात लावलेला कोणाला चालत नसे.

आता मालक यायचे, खाटेवरच्या वडिलांकडे बघायचे, चहा घ्यायचे आणि घोडं परत न्यायचे. मी दारातच उभी असायचे.

एका चैत्रात कुरुळीचा एक बडा बागायतदार आपली तांबडी घोडी घेऊन आला. आमच्याकडे बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळते, पाठीवर स्वार असतो. शर्यतीच्या चढाला घाट म्हणतात. ही घाटाची घोडी, नाव कमावलेली. आता तिचा मागचा उजवा पाय फरफटत होता. जनावरांच्या डॉक्टरांनी सुई दिली होती आणि विश्रांती सांगितली होती. जिच्यात शर्यत व्हायची ती यात्रा बारा दिवसांवर होती.

"तुमचा हात तर असा," तो वडिलांना म्हणाला.

"हात हाय की," वडील म्हणाले. "ती काय दारात उभी हाय."

त्याने माझ्याकडे बघितलं. "घाटाच्या घोडीला बाईचा हात? लोक काय म्हनतील?" मग घोडीकडे बघून म्हणाला, "बरं, गोठ्यात कर. दार लावून. आन् कुठं बोलायचं न्हाई."

आजवर मी तेच तर करत आले होते. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "गोठ्यात नाही काका. अंगणात करीन, सगळ्यांदेखत. पटत नसेल तर घेऊन जा."

तो घोडी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला. घोडीला जागच्या जागी वळताही येत नव्हतं.

अंगणात केलं. नवऱ्याने कंपनीतून आणलेलं एक लाकडी खोकं होतं, मशीनचे भाग ज्यातून येतात तसलं. त्यावर उभी राहिल्याशिवाय माझा हात पाठीवर वरून पडत नसे. गरम पाण्यात पिळलेलं पोतं पाठीवर टाकलं, मग बोटं चालवली. मागच्या पुठ्ठ्याच्या वर, कंबरेपाशी उजव्या अंगाला, जागा दगडासारखी लागली. मी दाब देताच घोडीने अंग झटकलं, खोकं उलटलं आणि मी मातीत पडले. कुंपणापाशी पाच-सहा जण जमले होते. ते मोठ्याने हसले.

मी उठले. कोपर सोललं होतं. खोकं सरळ केलं आणि परत चढले.

"दाबू नगंस," वडील खाटेवरून म्हणाले. "ती श्वास सोडंल तवा."

मी वाट बघितली. घोडीने श्वास सोडला, तेव्हा तळहाताने झटका दिला. तिने मान खाली घातली, ओठ चाटले आणि भली मोठी जांभई दिली; आखडलेली जागा सुटली की घोडं असंच करतं. कुंपणापाशी आता कोणी हसत नव्हतं.

रोज असं पाच दिवस केलं. सहाव्या दिवशी घोडी आळंदीच्या रस्त्याने दुडक्या चालीने गेली. मी मालकाला बजावलं, "चालते म्हणजे बरी झाली असं नाही. या यात्रेला पळवू नका."

"बघू," तो म्हणाला.

त्याने पळवली. घाटाच्या माथ्यावर घोडी मागच्या पायांतून खाली बसली, स्वार गडगडत खाली आला. स्वाराला फार लागलं नाही, पण घोडी परत लंगडी झाली. दोन दिवसांत गावभर झालं, बाईचा हात लागला म्हणून घोडी पडली. नळावर बायका माझ्याकडे बघून बोलणं थांबवत. नवरा म्हणाला, "दोन-चार दिवस गप बस, विसरतील लोक."

"घोडी विसरेल का?" मी म्हटलं आणि कुरुळीची एसटी धरली.

त्याच्या ओट्यावर माणसं बसली होती. बाई अशी एकटी पुरुषांच्या बैठकीत येत नाही, हे मलाही माहीत होतं. तरी आवाज चढाच निघाला.

"काका, मी पळवू नका म्हटलं होतं की नाही, ते यांना सांगा."

एक जण म्हणाला, "बाई, घरी जा."

"सांगितलं की जाते."

बागायतदाराने खाली बघितलं आणि म्हणाला, "म्हनली व्हती. आमीच ऐकलं न्हाई."

"मग घोडी दोन महिने माझ्या दारात राहील. त्या दोन महिन्यांत पाठीवर कोणी बसणार नाही."

घोडी आली. सकाळी मी तिच्या पोटाखाली बोटांनी खाजवायचे, म्हणजे ती पाठ वर उचलायची. गाजर दाखवून मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवायला लावायचे. मग पाठीवर हात. मध्ये एकदा जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून बघायला आले. म्हणाले, "मणका जागचा सरकत नाही, ताई. स्नायू धरतात." वडील म्हणाले, सरकतो. दोघं तासभर भांडले. खरं कोणाचं ते मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. धरलेली जागा हाताखाली सुटते, एवढं मला ठाऊक होतं. डॉक्टर जाताना म्हणाले, "विश्रांती तुम्ही देताय, ते बरोबर आहे. करत राहा."

पुढच्या चैत्रात घोडी घाटात उतरली. मीही गेले. बायका देवळाच्या अंगाला थांबत, घाटाच्या कडेला पुरुषच. मी कडेला जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने भोंग्यावरून आवाज आला, "बायाबापड्यांनी देवळाकडं थांबावं." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी हलले नाही. इथून तिचा मागचा पाय दिसत होता, देवळापासून दिसला नसता. भोंगा परत बोलला, या वेळी थेट मला, हिरव्या लुगड्यातल्या बाईला, उद्देशून. मी पदर खोचला आणि पाय आणखी घट्ट रोवले.

मग बैल सुटले आणि भोंग्याला माझ्याशी बोलायला सवड उरली नाही. तांबडी समोरून गेली. दोन्ही मागचे पाय सारखे पडत होते, कंबर मोकळी होती. कितवा नंबर आला ते मी ऐकलंही नाही. गर्दीतून वाट काढत वर गेले. माझ्यासाठी कोणी बाजूला झालं नाही, कोपरानेच जागा करावी लागली. घोडी फेसाळली होती. मी तिच्या पाठीवरून बोटं चालवली, कुठेच दगड लागला नाही.

स्वार म्हणाला, "बाई, हात काढा, लोक बघत्यात."

"बघू दे," मी म्हटलं, आणि परत मानेपासून सुरुवात केली.