ऋताच्या वायव्हाची जलेबी

आमची ऋता कणांची वजनं काढते. सराफासारखी काट्यावर नाही, कागदावर. माधव नगरातल्या निम्म्या बायकांना मी हे समजावून सांगितलंय, आणि ज्यांना समजलं नाही त्यांना दोनदा सांगितलंय. सासू आहे मी तिची. एवढा तर हक्क बनतो.

तिचे वडील बँकेत, बदलीवर उज्जैनला आले आणि इथलेच झाले. लग्नानंतर ही एका खाजगी कॉलेजात शिकवायची आणि उरलेल्या वेळात पीएचडी करायची. उरलेला वेळ म्हणजे काय, तर जेवणाच्या टेबलावर एकीकडे मटार सोलायचे आणि दुसरीकडे लॅपटॉप. मी एकदा विचारलं, अगं, वजनं तरी कसली? तर म्हणाली, आई, प्रोटॉनच्या पोटात तीन क्वार्क असतात. असे क्वार्कांपासून बनलेले कण म्हणजे हॅड्रॉन. तेच तीन क्वार्क शांत असले तर वजन कमी, उड्या मारायला लागले की जास्त, आणि मग तो वेगळा कण म्हणून मोजतात. मी जन्मभर शाळेत शिकवलंय. एका बाकावरची तीन पोरं गप्प असताना आणि धिंगाणा घालताना किती फरक पडतो ते मला कोणी सांगायला नको. लगेच पटलं.

पद्धत अशी, की जे कण सापडलेत त्यांची मोजलेली वजनं घालून आधी सूत्र बसवायचं. मग त्याच सूत्रावरून बाकीच्यांची वजनं सांगायची. नुकत्याच सापडलेल्या एका कणाचं तिनं काढलेलं वजन प्रयोगवाल्यांच्या वजनाशी तंतोतंत जुळलं होतं. प्रबंधात सगळ्यात मानाची जागा त्याच आकड्याला होती.

वायव्हाला, म्हणजे पीएचडीच्या शेवटच्या तोंडी परीक्षेला, नाश्ता उमेदवाराच्या घरचा, अशी इथली रीत. परीक्षकांनी अभिनंदन म्हटलं की डबे उघडायचे. कॉलेजात पक्क्या नोकरीची जागा निघाली होती, तीही डॉक्टर असेल त्यालाच. त्यामुळे मी सकाळपासून पोह्यांच्या मागे लागले होते, आणि विहंगला, म्हणजे माझ्या मुलाला, देवास गेटला जलेबी आणायला पिटाळलं होतं.

तेवढ्यात ऋता स्वयंपाकघरात आली. तोंड उतरलेलं. म्हणाली, चूक झालीय. सूत्र बसवायला मोजलेल्या वजनांचा जो तक्ता घेतला, त्यात तो नवा कणही होता. ज्याची परीक्षा घ्यायची तो बाजूला काढायचाच राहिला होता. म्हणजे पेपरातच उत्तर छापलेलं, आणि वर पैकीच्या पैकी मार्क! गाइड सरांना फोन केला तर ते म्हणाले, आज गप्प राहा, नंतर दुरुस्ती करू, कोणाच्या लक्षात येत नाही. जलेबी घेऊन आलेला विहंगही तेच म्हणाला. माझं तर डोकंच फिरलं. मेलं आजच सुचायचं होतं? तुझं तू बघ, म्हटलं, आणि पोह्यांवर झाकण आपटलं.

युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये मी पहिल्या रांगेत बसले, शेजारच्या मंगलालाही ओढून नेलं होतं. बाहेरगावहून आलेल्या परीक्षकांना नेमका तोच आकडा आवडलेला. ते भरभरून कौतुक करत होते. मी मनात म्हटलं, घे बाई, गप्प बस आता.

ती कसली बसते. झालेली चूक तिनं सगळ्यांसमोर सांगितली. तो कण वगळून पुन्हा केलेलं गणित पडद्यावर दाखवलं. जुळणी पार गेली होती. गाइड सर खिडकीबाहेर बघायला लागले.

"तो फिर बचा क्या?" परीक्षकांनी विचारलं.

ती हिंदीत बोलली, मी आपल्या भाषेत सांगते. "बाकीचे आकडे उरले, सर. तेही नव्यानं काढावे लागतील. पण ते कण अजून कोणाला सापडलेले नाहीत. सापडतील तेव्हा मी खोटी ठरू शकते. या एका कणापुढे मी खोटी ठरूच शकत नव्हते, म्हणून हा आकडा फुकट आहे."

परीक्षकांनी समोरचा प्रबंध मिटला. मग म्हणाले, सगळं गणित नव्यानं करा आणि पुन्हा वायव्हाला या. म्हणजे आज डिग्री नाही, आणि ती नोकरीची जागाही गेली. लोक उठावं की बसावं अशा घोटाळ्यात. अभिनंदन झालंच नाही तर डबे उघडायचे कसे? ऋता लॅपटॉपची वायर गुंडाळत होती. आणि माझा ऊर, खरं सांगते, असा भरून आला की पोटच्या पोरानंही कधी भरून आणला नव्हता.

मी उठले आणि डबे उघडले. मंगला कानाशी आली, हळूच म्हणाली, "झाली का गं पास?"

"नाही झाली," मी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हटलं. "आणि कशी नाही झाली, ते मी तुला जन्मभर सांगणार आहे. घे, जलेबी घे."