जयमालाचा दुसरीचा वर्ग

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या दोघी. एक मी, जनकाबाई, कशीबशी सही करणारी. दुसरी जयमाला, डी.एड. झालेली. हसू नका! आमच्या मोताळा तालुक्यात अशा डी.एड.वाल्या सुना घरोघरी भेटतीन.

त्या वक्ताले पोरगी बारावी झाली की बाप तिले डी.एड.ले टाके. डी.एड. म्हणजे नोकरी पक्की, अन् नोकरी म्हणजे चांगलं स्थळ. जयमालाच्या सासूनं तं लग्नाआधीच शेजारणींले सांगून टाकलं होतं, "मास्तरीण आणून राह्यली मी!" मंग भरतीच बंद पडली. मधात एखादी निघाली, तिच्यात हिचा नंबर लागला नाही. सासू अजूनही मास्तरीणच म्हणते तिले, पण कशी? "मास्तरीणबाई, शेण भरा." आग लागो त्या तोंडाले!

जयमाला उलटून बोले नाही. तिचं सारं ध्यान वर्गाकडं. पोट्टे पाढे म्हणत, तं इकडं डाळ धुता धुता हिचे ओठ हलत. मलेच ओरडा लागे, "बाई व, पाणी आटलं पाह्य!"

यंदा दिवाळीनंतर दुसरीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. बदली कोणी आलं नाही. मोतीराम सर एकटे, अन् चारही वर्ग त्यांच्या गळ्यात. माणूस भला. म्हणाले, "जयमालाताई, दुसरी सांभाळता का? खिचडीचं जनकाबाई पाहतीन."

दुसऱ्या दिवशी ते लग्नातली साडी नेसून आली. मी म्हटलं, "काय व, कोणाच्या हळदीले चालली?" तं हसली. इतक्या वर्षांत मी तिचे दात पाह्यले नव्हते हो! तिची पूनम त्याच वर्गात. पोरगी घरीही आईले 'बाई' म्हणाले लागली. एकटीनं खिचडीचे मोठाले गंज घासू घासू माही कंबर मोडली, पण जीव कसा सुखावला होता.

महिनाही झाला नसन, गावातले लोक शाळेत आले. "खिचडीवाली आमच्या पोराईले शिकवते काय? सरकारी मास्तर द्या, नाही तं आम्ही पोरं रोहिणखेडले टाकतो."

"शिकलेली हाय ते! तुमच्याहून जास्त!" मी चुलीपासूनच ओरडली. पण माह्यं कोण ऐकते? अन् सगळ्याच्या पुढं कोण उभं होतं, सांगू? तिचा नवरा, गोविंदा! पारावर लोक त्याले 'मास्तरणीचा नवरा' म्हणून चिडवत, त्याची त्याले लाज. म्हणे, "सर, तिले चुलीवरच राहू द्या." मले वाटलं, हातातला डाव त्याच्या टाळक्यात हाणावा.

पोरं गेली असती तं शाळाच बंद पडली असती. सरांनी मान खाली घालून तिले सांगितलं. ते वर्गातून निघाली, तशीच त्या साडीत माह्यापाशी येऊन बसली अन् तांदूळ निवडाले लागली. मी सूप तिच्याकडं सरकवलं.

खिचडी झाली, रांग लागली. पूनम थाळी घेऊन पुढं आली. म्हणे, "बाई, आमच्या वर्गात कोणीच नाही. चला ना."

जयमालानं त्या लेकराले आजवर बोटही लावलं नव्हतं. तिनं सटकन थोबाडीत हाणली.

"बाई नाही म्हणाचं मले. आई म्हण. अन् माह्यासारखी शिकू नको तू, पूनम. शिकू नको."

पोरगी रडली नाही. गालावर बोटं उठली होती, तशीच थाळी धरून उभी. जयमालानं तिच्या थाळीत खिचडी वाढली, मंग तिच्या मागच्या पोट्ट्याले वाढली. मी म्हटलं, "आण तो डाव, बस जराशी." तिनं देला नाही. सारी रांग सरेपर्यंत ते वाढतच राह्यली.