गंजलेला सेन्सर

तीस वर्षं गाड्या दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे वस्ताद म्हणत. त्या दुपारी एका गाडीच्या धुराच्या पाइपात सेन्सर गंजून घट्ट बसला होता. वस्तादने तेल सोडलं, पाइप तापवला आणि पान्याला जोर लावला. पाना सटकला आणि त्याचा तळहात पाइपावर टेकला.

"अहो, हात काढा!" गॅरेजात सोबत काम करणारी बायको ओरडली.

कातडी भाजली होती, तरी त्याला पत्ताच नव्हता.

"कधीपासून असं होतंय?"

"साखरेच्या आजाराने हात बधिर झालेत. वर्ष होत आलं. म्हटलं, तुझ्या जिवाला घोर कशाला?"

तिने हातावर गार पाणी ओतलं आणि मग सेन्सर स्वतःच काढला. वस्तादने त्यानंतर पाना कधीच धरला नाही.