उजव्या पानावरचे यजमान

बर्नाडीन ह्रुस्का अडुसष्टाव्या वर्षी ओहायो सोडून अलाबामात राहायला आली, ती स्वतःच्या इच्छेने आली असे म्हणता येणार नाही. नवरा एमिल जाऊन वर्ष झाले होते, खुब्याचे हाड एकदा मोडून बसले होते आणि एकुलती मुलगी कार्ला अलाबामात नोकरी करत होती. एवढ्या कारणांपुढे इच्छेला विचारतो कोण? काचेच्या कारखान्यात तीस वर्षे वजनकाट्यावर काम केलेली ही बाई. तिने सामानाची खोकी क्रमांक घालून भरली आणि त्याच क्रमाने उघडली. चौथ्या दिवशी उघडायला काही उरले नाही.

"आई, स्टेडियमवर जा ना," कार्ला म्हणाली. "इथल्या हेरन्सची मॅच आहे. तुला बेसबॉल आवडतं."

"मला बेसबॉल नाही आवडत. स्टोकर्स आवडतात."

स्टोकर्स हा तिच्या गावचा संघ. एक्केचाळीस वर्षे ती आणि एमिल त्याच दोन खुर्च्यांवर बसले होते. एमिल ओरडायचा आणि ती लिहायची. गुणवही मांडीवर घेऊन प्रत्येक फलंदाजाचे काय झाले ते चौकोनाचौकोनात टिपणे हा तिकडच्या जुन्या प्रेक्षकांचा छंद आहे. तिच्या बाबतीत तो छंदापेक्षा शिस्तीच्या जवळचा होता. ती बॉलपेनने लिहायची.

एप्रिलमध्ये ती शेवटी स्टेडियमवर गेली, ती घरातल्या शांततेला कंटाळून. शेजारच्या खुर्चीवर ओडेल पेटवे नावाचे निवृत्त पोस्टमन बसत. ते लिहीत नसत, पण मधूनमधून वाकून, अलाबामात थोरल्या बायकांना लावतात तसे आदराचे 'मिस' लावून विचारत, "मिस बर्नाडीन, या गड्याने मघाशी काय दिवे लावले होते?"

"उंच चेंडू. झेल."

"वाटलंच मला. शेंगदाणे घ्या, गरम आहेत."

"नको, थँक यू."

हळूहळू मागच्या रांगेतूनही प्रश्न येऊ लागले. 'वहीवाल्या बाईंना विचारा' असे लोक म्हणत. परक्या माणसाला समाज उपयोगी फार लवकर ठरवतो, त्यासाठी त्याच्याविषयी काही जाणून घ्यावे लागत नाही. दोन महिन्यांत त्या रांगेतल्या कोणीही तिला एमिलचे नाव विचारले नाही. तिनेही कोणाला त्यांच्या घरचे विचारले नाही, हेही खरे.

जूनमधल्या एका रविवारी दुपारी स्टोकर्स पाहुणे म्हणून खेळायला आले. बर्नाडीन तासभर आधी येऊन बसली आणि दोन्ही संघांची नावे लिहून तयार झाली. वहीत डावे पान पाहुण्यांचे आणि उजवे यजमानांचे. पाहुणे आधी फलंदाजी करतात. स्टोकर्सचा पहिला फलंदाज उभा राहिला, तिचे पेन डाव्या पानावर गेले, आणि तिथे तिच्याच नीटस अक्षरात हेरन्सची नावे होती. एक्केचाळीस वर्षांच्या सवयीने तिने स्टोकर्सना उजवीकडे बसवले होते. शाई पुसता येणार नव्हती. तिने पानावर कोपर आडवे ठेवले आणि तशीच लिहीत राहिली.

नऊपैकी पाचव्या डावात ओडेल वाकले. "आपल्या कॅचरने मघाशी—" आणि ते थांबले. "अहो मिस बर्नाडीन! आमच्याच घरात आम्हाला पाहुणे केलंत?"

मागच्या रांगेतून कोणीतरी हसत म्हणाले, "ओडेल, बॅग भर रे! निघायला सांगतायत तुला!"

तिचा चेहरा तापला. "चुकून झालं. एक्केचाळीस वर्षं तिकडे लिहीत होते. नवऱ्याबरोबर." मग, कोणी विचारले नसताना, "तो गेला."

ओडेल तिच्याकडे वळले. "काय नाव त्यांचं?"

"एमिल."

"हं," ते म्हणाले आणि शेंगदाण्यांची पिशवी तिच्या खुर्चीच्या हातावर टेकवून ठेवली. या वेळी त्यांनी विचारले नाही.

आठव्या डावात हेरन्सचा कॅचर, एरवी फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा पोरगा, फलंदाजीला आला. बिचाऱ्याला नऊ सामन्यांत एकही हिट नव्हता. त्याने मारलेला चेंडू जमिनीवरून स्टोकर्सच्या क्षेत्ररक्षकाकडे सरळ गेला, हातमोज्यात शिरला आणि निसटला. कॅचर पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचला. फलकावर निर्णय अजून यायचा होता. फलंदाजाची करामत असेल तर हिट, अडवणाऱ्याचा दोष असेल तर त्याच्या नावावर चूक. सगळी रांग तिच्याकडे वळली.

"हिट द्या," ओडेल म्हणाले. "द्या हो! नऊ सामने झाले पोराला. जोरात होता चेंडू."

"जोरात नव्हता."

"थोडा उसळला की!"

अशी गळ तिला आजवर एकच माणूस घालत असे, आणि एक्केचाळीस वर्षांत त्या माणसाचेही तिने कधी ऐकले नव्हते. त्या क्षेत्ररक्षकाला तिने ओहायोत दोन वर्षे पाहिले होते. कोवळ्या हातांचा, मेहनती मुलगा. हिट लिहिला असता तर तोही वाचला असता. तिने पेन टेकवले.

"चूक."

रांगेत एकच ओरडा झाला. "दगड आहे हो ही बाई!" मागचा माणूस म्हणाला. "ओडेल, कुठून आणलीस ही आपल्यात?"

"मी कशाला आणू? स्वतःच येऊन बसलीय, आता उठतेय कुठे," ओडेल कुरकुरले. "आपलीच माणसं अशी, तर बाहेरच्यांना काय बोलणार!"

"आपल्या कॅचरला उसना हिट कशाला?" बर्नाडीन म्हणाली. "मंगळवारच्या मॅचला मारेल खरा."

हेरन्स दोन धावांनी जिंकले. लोक पांगले. ओडेल निघताना नुसता हात वर करून गेले. गाडीत बसल्यावर तिने वही उघडली. सामन्यानंतर एकूण आकडे एमिलला मोठ्याने वाचून दाखवण्याचा रिवाज होता, आणि चुकांच्या आकड्यापाशी तो नेहमी हुज्जत घालायचा. तिने धावा वाचल्या, हिट वाचले. "चुका, स्टोकर्स, एक," तिने वाचले आणि थांबली.

बाजूच्या सीटवरून कोणी हुज्जत घातली नाही. तिने बराच वेळ वाट पाहिली, मग पुढचे कोरे पान उघडले, मंगळवारची तारीख घातली आणि उजव्या बाजूला सावकाश, एकेक अक्षर बघत, हेरन्स असे लिहिले.