शेवाळाला आतली बाजू नसते

रफूकाकांना सगळे रफूकाकाच म्हणतात. खरं नाव टपाल आणणाऱ्याला तेवढं ठाऊक. पन्नास वर्षं त्यांनी लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवली. सिगारेटने जळालेली कोटाची बाही असो, उंदराने कुरतडलेली शाल असो, की खिळ्याला अडकून फाटलेली पँट. काका कापड उजेडाकडे धरायचे, उभा धागा कुठला नि आडवा कुठला ते बघायचे, आणि दोन दिवसांनी गिऱ्हाईक आपलंच भोक शोधत बसायचं. सापडलं नाही की काका मिशीतल्या मिशीत हसायचे. सापडलं तर आठवडाभर कोणाशी धड बोलायचे नाहीत.

दोन वर्षांपूर्वी डोळे कुरकुरायला लागले, तशी त्यांनी दुकानाला कुलूप घातलं आणि वरच्या दोन खोल्यांत येऊन बसले. बसले म्हणजे अगदी बसलेच. कारण दुकानात ज्या हाताच्या कामाला बोट ठेवायला जागा नव्हती, त्या हाताला घरात काडीचं यश नव्हतं. दूध तापत ठेवून पेपर उघडला, की दूध शेगडीवर आणि काका चौथ्या पानावर. कुंडीतल्या झाडाला पाणी घाला म्हटलं, तर इतकं घातलं की मूळ कुजलं. काकूंनी लग्नानंतर वर्षभरात ओळखलं, की या माणसावर घरातलं काही सोपवायचं नाही. पुढची त्रेचाळीस वर्षं त्यांनी ते पाळलं. भांडण नाही, कुरबूर नाही. फक्त सोपवलं नाही.

अशा माणसाच्या गळ्यात शेवाळाचे तीन गोळे पडले.

झालं असं, की काकूंचा गुडघा कामातून गेला. ऑपरेशन झालं ते त्यांच्या धाकट्या बहिणीच्या गावी, कारण तिचं घर तळमजल्यावर आणि इथे जिना एकोणीस पायऱ्यांचा. सहा आठवडे तिथेच राहायचं ठरलं. निघायच्या दिवशी काकू एका हाताने काठी धरून बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या टाकीपाशी उभ्या राहिल्या. टाकीत मासा एकही नाही. होते पूर्वी, एकेक करून गेले. आता तळाला वाळू आणि वाळूवर तीन हिरवे, मऊ, केसाळ गोळे. सगळ्यात मोठा लहानशा संत्र्याएवढा, बाकीचे दोन लिंबाएवढे. काकू त्यांना थोरला, मधला, धाकटा म्हणायच्या. अकरा वर्षांपूर्वी आणले तेव्हा बोराएवढे होते. वर्षाला गव्हाच्या दाण्याएवढे वाढतात म्हणे, म्हणजे आपलं वय वाढतं त्याच्याहून कमी आवाजात.

काकूंनी काय काय करायचं ते सांगितलं. दर रविवारी पाणी बदलायचं, तेही नळाचं ताजं नको, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. गोळे बादलीत काढलेल्या जुन्या पाण्यात हलक्या हाताने दाबून धुवायचे. मधूनमधून फिरवायचे, म्हणजे सगळ्या अंगाला उजेड लागतो. उन्हात ठेवायचे नाहीत. "आणि बाकी त्यांना काही करायचं नाही," काकू म्हणाल्या.

काका म्हणाले, "काही करायचं नाही, तर मग सांभाळायचं काय?"

"तेच सांभाळायचं."

हे काकांना तेव्हाही कळलं नाही. तेवढ्यात सामान उचलायला आलेली मेहुणी दारातून म्हणाली, की ताई आता आमच्याकडेच राहू दे, थंडी संपेपर्यंत; इथे तिच्या पायाकडे कोण बघणार, भावजी? भावजींनी उत्तर द्यायच्या आत काकू टाकीकडे बघत म्हणाल्या, "हे नीट सांभाळलेत तर बघू."

एवढं बोलून त्या गेल्या. पण ते 'बघू' काकांच्या घशात काट्यासारखं अडकलं. थट्टा होती? की अट होती? काकूंची थट्टा आणि अट एकाच चेहऱ्याने यायची. चव्वेचाळीस वर्षांत काकांना दोन्ही वेगळ्या करता आल्या नव्हत्या. त्यांनी समोरच्या दारातल्या नर्सबाईंना विचारलं. नर्सबाई ड्युटीवर निघाल्या होत्या. त्या म्हणाल्या, काका, बायको म्हणते 'बघू' तेव्हा तिने बघून झालेलं असतं. काकांचा गोंधळ होता त्याच्या दुप्पट झाला.

पहिला आठवडा काका खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. गोळे काही करेनात. मासा निदान तोंड उघडतो. झाड निदान पान टाकतं. हे खातात काय, झोपतात कधी, यांना दुखतं का, काहीच पत्ता लागेना. रविवारी त्यांनी सांगितल्याप्रमाणे पाणी बदललं, गोळे हलकेच दाबले, परत ठेवले, आणि पुन्हा खुर्चीत बसले. गोळे होते तसेच. फोनवर काकूंनी विचारलं, कसे आहेत? काका म्हणाले, आहेत. काकू म्हणाल्या, ठीक. काकांना वाटलं, आपण काहीतरी कमी सांगितलं. पण काय, ते सुचेना.

तिसऱ्या आठवड्यात आभाळ उघडलं आणि काकांना गोळ्यांची दया आली. हिरवं ते झाड, आणि झाडाला ऊन लागतं, एवढं तर कोणीही सांगेल. उन्हात ठेवू नका असं काकू म्हणाल्या होत्या खऱ्या, पण काकांनी टाकी कुठे हलवली? त्यांनी फक्त पडदा सरकवला.

दुपारी डुलकी काढून उठले तर मधला गोळा पाण्याच्या वर तरंगत होता.

मासे मेले की वर येतात, हे या टाकीत त्यांनी सात वेळा पाहिलं होतं. त्यांनी दुकानातलं भिंग आणलं, गोळा तळहातावर घेतला. वरून सगळीकडे लव सुटलेली, मध्ये बारीक बारीक बुडबुडे. त्यांच्या अनुभवाला हे एकच दिसलं: कापड विसविशीत झालंय, आत हवा शिरलीय, धागा सुटत चाललाय. आणि सुटणारा धागा समोर असताना ज्या माणसाने पन्नास वर्षं तो पकडला, त्याला 'काही करू नका' सांगून काय उपयोग?

आधी त्यांनी लहान कात्रीने लव कातरली, स्वेटरवरच्या गुठळ्या काढतात तशी. मग आतली हवा निघावी म्हणून गोळा बादलीवर दोन्ही तळव्यांत धरून दाबला. हलक्या हाताने म्हटलं होतं. पण लोकरीचे धागे पिळून पिळून घट्ट झालेल्या हाताचं हलकं ते किती हलकं! गोळा एका बाजूने उलला, पिकलेल्या फळासारखा, आणि एक मोठा तुकडा सुटून बादलीत पडला.

आता इथपर्यंतची चूक कोणाच्याही हातून झाली असती. पुढची फक्त रफूगाराच्याच हातून होते.

रफूला धागा बाहेरचा चालत नाही. कितीही रंग जुळवा, बाजारातला धागा उजेडात उघडा पडतो. म्हणून रफूगार धागा त्याच कपड्याचा घेतो, जिथे कोणी बघत नाही तिथला: शिवणीच्या आत सोडलेल्या मायेतला, नाहीतर दुमडलेल्या काठाखालचा. बादलीतला तुकडा तर पार भुगा झाला होता. मग काकांनी थोरल्याला उचललं, वाळूवर टेकलेल्या बाजूने चिमूटभर शेवाळ काढलं. तसंच धाकट्याच्या खालून. ते मधल्याच्या खिंडारात बसवलं, आणि काकूंच्या शिवणाच्या डब्यातल्या गडद हिरव्या दोऱ्याने वरून गुंडाळी घातली, आडवी, उभी, पुन्हा आडवी. दोन तास लागले. मान आखडली. पण गोळा गोल झाला. पाण्यात सोडला तर तळाला जाऊन बसला. काकांनी भिंग लावून पाहिलं. दोरा दिसला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

ते बरं वाटणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकलं. सकाळी सांगितल्याप्रमाणे गोळे फिरवायला गेले, आणि फिरवल्यावर थोरल्याचा खड्डा वर आला. धाकट्याचाही. कापडाला आतली बाजू असते, ती जन्मभर आतच राहते. यांना आतली बाजूच नव्हती. आज जे खाली, ते उद्या वर. काका टाकीसमोर उभे राहून स्वतःशीच म्हणाले, मग लपवायचं कुठे?

ते तडक कोपऱ्यावरच्या मासेवाल्याच्या दुकानात गेले. मासेवाला म्हणजे शोभेचे मासे विकणारा, गळ्यात चष्मा लटकवलेला शांत माणूस. काकांनी शेजाऱ्याचं सांगावं तसं सांगितलं: आमच्या ओळखीच्यांचा एक गोळा वर आला होता. मासेवाला म्हणाला, ऊन लागलं असेल. उजेडात ते श्वासाचे बुडबुडे सोडतात, बुडबुडे अंगात अडकले की वर येतात, संध्याकाळी आपसूक खाली जातात. खुशीत असतो तेव्हा वर येतो.

"खुशीत?" काका म्हणाले.

"म्हणजे आपल्याला तसं वाटतं. त्याला काय वाटतं कोणास ठाऊक. ओळखीच्यांनी काही केलं तर नाही ना?"

काका काचेतले मासे मोजू लागले. मासेवाल्याने काय ओळखायचं ते ओळखलं, आणि आतून तीन गोळे आणले. एक संत्र्याएवढा, दोन लिंबाएवढे. म्हणाला, घेऊन जा, सगळे सारखेच असतात, घरच्या माणसालासुद्धा फरक कळत नाही.

काका त्या तीन गोळ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. खरंच फरक नव्हता. मग ते "विचारून सांगतो" म्हणाले. कोणाला विचारणार होते, ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरी येऊन त्यांनी सगळ्यात आधी पडदा ओढून घेतला.

पुढचे दोन आठवडे विचित्र गेले. काकूंचा फोन आला की काका म्हणायचे, आहेत. खोटं नव्हतं. पण सांगायला आता पुष्कळ होतं आणि त्यातलं काहीच सांगता येत नव्हतं. मध्येच मेहुणी फोन घ्यायची आणि ताई इथे किती मजेत आहे ते सांगायची: गरम पाणी नळाला, बाथरूमला धरायला दांडा, बागेपर्यंत सपाट रस्ता. सगळं खरंच होतं. इथे एकोणीस पायऱ्या होत्या. "रविवारी ठरवून टाकू या, भावजी," ती म्हणाली. "मी तर म्हणते, थंडी इथेच काढू दे."

रविवार आला. काकांनी पाणी बदललं. थोरला, मधला, धाकटा ओळीने लावले, खड्डे भिंतीकडे करून. मग पुन्हा सरळ केले. मग पुन्हा भिंतीकडे. फोन वाजला तेव्हा त्यांचे हात ओलेच होते.

काकूंनी विचारलं, कसे आहेत?

काका आहेत म्हणणार होते. तोंड उघडलंही तेवढ्यासाठीच. पण बाहेर आलं ते असं, की मी मधल्याला फाडला. आणि एकदा बाहेर आलं तसं सगळंच आलं, पडद्यापासून मासेवाल्यापर्यंत, उलटसुलट, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी.

"आणि बुजवायला त्या दोघांतून घेतलंत?" काकूंनी विचारलं.

"हो. आतल्या बाजूने."

"त्यांना आतली बाजू कुठली हो?"

"तेच ना. ते नंतर कळलं."

मागे मेहुणीच्या घरातली भांडी वाजत होती.

"दिसतंय का?" काकूंनी विचारलं.

"खड्डे दिसतात. मधल्याचा सांधा नाही दिसत. तुला शोधूनही सापडणार नाही."

"मग मला सांगितलंत कशाला?"

हा प्रश्न काकांना अवघड गेला. पन्नास वर्षांत गिऱ्हाइकाला त्यांनी कधी भोक कुठे होतं ते दाखवलं नव्हतं. गिऱ्हाइकाने हरायचं आणि आपण जिंकायचं, हाच तर धंदा. त्यांनी खूप विचार केला आणि म्हणाले, "मला काय माहीत."

काकू हसल्या की खोकल्या, ते फोनवरून कळलं नाही. मग म्हणाल्या, "गुरुवारी येते मी. जिन्याला दोन माणसं लागतील, खालच्या सुताराला सांगून ठेवा."

काकांना हे एकदम उमगेना. ते म्हणाले, "अगं, पण तू म्हणाली होतीस ना, नीट सांभाळले तर बघू म्हणून?"

"कधी म्हणाले?"

"जाताना. टाकीपाशी."

"म्हणाले असेन. आठवत नाही मला. पडदा ओढलेला आहे ना?"

"आहे."

"मग फोन ठेवा आता. धाकटी ऐकतेय, तिला पुन्हा समजवायला दोन दिवस लागतील."

फोन ठेवून काकांनी ओले हात पुसले. येतेय, हे नक्की. पण पास झालो म्हणून येतेय, की नापास झालो म्हणून? गोळ्यांकडे बघायला येतेय, की आपल्याकडे? आणि ते 'बघू' तिला खरंच आठवत नाही, की पाच आठवडे आपण उगीच वाळलो हे कळून ती तिकडे हसतेय? उभा धागा कुठला, आडवा कुठला, काही म्हणजे काही कळेना.

संध्याकाळी नर्सबाई ड्युटीवरून आल्या, तेव्हा काका जिन्यातच गाठ पडण्याची वाट बघत होते. त्यांनी सगळं सांगितलं आणि विचारलं, याचा अर्थ काय धरायचा? नर्सबाई किल्ली शोधत होत्या. म्हणाल्या, "काका, गुरुवारी येतायत ना त्या? मग पायाखाली घ्यायला दोन घट्ट उशा काढा आधी, आणि मोरीतला तो गुळगुळीत पाट उचला. घसरतील त्या."

काका म्हणाले, ते करतोच, पण अर्थ?

नर्सबाईंनी दार उघडलं होतं. "उशा," त्या आतून म्हणाल्या.

काका घरात गेले आणि कपाटावरच्या उशा काढायला स्टूल शोधू लागले.